जामीन कोण राहणार?

पेसाहच्या मागेपुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांची प्रवेशपत्रे येऊ लागतात. ठाण्यात, पनवेलला, तिकडे लोद, अश्दोद, दिमोना इथल्या आपल्या घरांतून आनंद होतो. एलियाहू हन्नाबीचा मलिदा होतो, नातेवाईक येऊन पाठ थोपटून जातात. मग चार दिवसांनी न्यू जर्सीला, क्वीन्सला फोन लागतात. "मावशी, पोरगी राहणार कुठं?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा आढेवेढे घेत येतो, "काका, कर्जासाठी तिकडचा कुणीतरी सही करणारा हवा म्हणतात."

हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे समजतो. पण परक्या देशात आलेल्या मुलाला तिथला घरमालक ओळखत नाही आणि कर्ज देणाराही ओळखत नाही. दोघेही एकच विचारतात, याचा जामीन कोण?

हिब्रूत जामिनाला 'अरेव' म्हणतात. बेरेशीथमध्ये यहूदा आपल्या बापाला सांगतो, बिन्यामीनचा जामीन मी. इस्राएलची माणसे एकमेकांची अरेव आहेत, असे आपल्या विद्वानांनी ताल्मुदात शिकवले. पण नीतिसूत्रांच्या पुस्तकात शलोमो राजा पुन्हा पुन्हा बजावतो की, बाबा, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहताना दहादा विचार कर. दोन्ही शिकवणी आपल्याच आहेत. मुलामुलींना पाठवताना आणि त्यांना सांभाळून घेताना दोन्ही ध्यानात ठेवल्या तर पुष्कळ घरांतला मनस्ताप टळेल.

आधी गेलेल्यांनी काय केले?

महाराष्ट्रातून अमेरिकेला शिकायला जाणे काल-परवाचे नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरल्या. नात्याची ना गोत्याची, एका मासिकात पत्र वाचून या बाईंनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. पण तिथली थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी प्रकृती ढासळली. क्षय झाला आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्या वारल्या. ऊब आणि पोटाला मानवणारे जेवण या चैनीच्या गोष्टी नाहीत, हे त्यांच्या कहाणीवरून कळते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्याबद्दल करार असा की शिक्षण झाल्यावर बडोदा संस्थानची १० वर्षे नोकरी करायची. आधी ते हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण रुचेना, म्हणून हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली. १९१७ साली करार पाळायला बडोद्याला गेले, तर अस्पृश्य म्हणून त्यांना कुणी राहायला जागा देईना. एका पारशी सरायीत उतरले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी हुसकावले. नोकरी सोडावी लागली.

पण लिव्हिंग्स्टन हॉलमधली दोस्ती टिकली. १९२० साली लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला आंबेडकर निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले स्वतःचे पैसे होते, शाहू महाराजांची मदत होती आणि नवल भथेनांनी दिलेले ५,००० रुपयांचे कर्ज होते. एका खोलीत राहिलेला माणूस पुढे कर्ज देणारा झाला. खोली निवडताना आपण माणूसही निवडत असतो.

कर्ज कुठून घ्यावे?

विद्यापीठ आय-२० हा कागद देते तो पैसे दाखवल्यावरच. किमान पहिल्या वर्षाची फी, राहणे, जेवण, आरोग्यविमा इतकी रक्कम उभी आहे असे सिद्ध करावे लागते. बँकेचे कर्ज मंजुरीचे पत्रही त्यासाठी चालते. त्यानंतर सेविस फी ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाची फी १८५ डॉलर. इस्राएलचे नागरिक असोत की भारताचे, पूर्ण वेळ शिकायला एफ-१ व्हिसा लागतो.

कर्जाच्या आधी एक काम करावे. विभागाला पत्र लिहून असिस्टंटशिप आहे का ते विचारावे. शिकवण्यात किंवा संशोधनात मदत केली तर फी माफ होते आणि दरमहा काही रक्कम मिळते. पीएच.डी.ला हे बरेचदा मिळते, एम.एस.ला कमी मिळते. पण न विचारता कुणी देत नाही.

भारतातल्या बँका शिक्षणकर्ज देतात, त्यात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा तारण मागतात, म्हणजे बहुतेक वेळा राहता फ्लॅट. शिक्षण चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता नसतो. पण हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, असे नव्हे. समजा ४० लाख घेतले आणि व्याज १० टक्के. दोन वर्षे शिक्षण आणि एक वर्ष सवलत मिळून तीन वर्षांत सरळव्याजानेच १२ लाखांपर्यंत वाढतात. मग ५२ लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला ६८,७०० रुपयांच्या घरात जातो. निदान सवलतीच्या काळातले व्याज तरी घरच्यांनी भरत राहावे. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्यांना व्याजावर ८ वर्षे प्राप्तिकराची वजावट मिळते. बँकेच्या शिक्षणकर्जातून परदेशी पाठवलेल्या फीवर एप्रिल २०२५ पासून टीसीएसही कापला जात नाही.

आपल्या समाजापुढे इथे एक वेगळी अडचण येते. पुष्कळ घरांत आईवडिलांचा आज ना उद्या अलिया करायचा विचार असतो. फ्लॅट तारण असेल तर कर्ज फिटेपर्यंत तो विकता येत नाही. अलिया केली तर रुपयातली मिळकत थांबते, हप्ता मात्र रुपयातच चालू राहतो. दुसरे म्हणजे जागा अजून आजोबांच्या नावावर, आणि वारस निम्मे इस्राएलात. बँक सगळ्या वारसांची संमती मागते. तिकडच्या आत्याने नोटरीकडे मुखत्यारपत्र करून त्यावर अपोस्टिल घेतले तर ते भारतात चालते, कारण दोन्ही देश त्या करारात आहेत. पण या कागदांना महिने लागतात. प्रवेशपत्र आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अर्ज भरताना हे काम हाती घ्यावे. आणि अलियाचा विचार असेल तर तो मुलाला आधी सांगावा. घर कशासाठी अडकणार आहे, हे त्यालाही कळायला हवे.

तारण नको असेल तर एमपॉवर, प्रॉडिजी यांसारख्या कंपन्या परदेशी विद्यार्थ्यांना तारणाशिवाय आणि जामिनाशिवाय डॉलरमध्ये कर्ज देतात. त्या मुलाचे पुढचे उत्पन्न धरून चालतात. डॉलरचे कर्ज घेऊन मायदेशी परतायचे असेल तर मात्र जपून. २००५ साली डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ संपता संपता ९० च्या आसपास गेला. रुपयात पगार आणि डॉलरमध्ये हप्ता, हे गणित वर्षागणिक जड होत जाते.

अमेरिकेत नोकरी लागेलच असे गृहीत धरूनही कर्ज काढू नये. पदवीनंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळते, विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना आणखी २४ महिने. त्यापुढचे भरवशाचे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बीच्या काही नव्या अर्जांवर एकदम एक लाख डॉलरचा आकार बसवण्यात आला, यावरून काय ते समजावे.

जी मुले इथेच जन्मली किंवा ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांना अमेरिकन सरकारचे कर्ज मिळते. एफ-१ वाल्यांना मिळत नाही. पण तिथेही २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी हात आखडला आहे. एम.ए., एम.एस. करणाऱ्यांना वर्षाला २०,५०० डॉलर आणि एकूण एक लाख डॉलर, डॉक्टर-वकिलीच्या अभ्यासाला वर्षाला ५०,००० आणि एकूण दोन लाख, अशी मर्यादा आहे. राहिलेली रक्कम खाजगी कर्जातून उभी करायची म्हटले की पुन्हा जामीन आलाच.

सही करण्याआधी

अमेरिकेतल्या काही खाजगी संस्था परदेशी विद्यार्थ्याला कर्ज देतात, पण इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहीदार हवा. या सहीला इथे 'को-साइन' म्हणतात. आपले लोक तिला साक्षीदाराची सही समजतात. तसे नाही. ज्याने सही केली, ते कर्ज त्याचेच. मुलाने एक हप्ता चुकवला तर काकांच्या नावावर काळी खूण पडते. सगळे हप्ते वेळेवर गेले तरी काका स्वतःचे घर घ्यायला गेले की बँक ते कर्ज त्यांच्या डोक्यावर धरते. दिवाळे काढूनही शिक्षणकर्जातून सुटका होणे फार कठीण. एकच दिलासा आहे. नोव्हेंबर २०१८ नंतरच्या खाजगी शिक्षणकर्जात विद्यार्थी मृत्यू पावला तर सहीदाराला मोकळे करावे लागते. काही कर्जांत ठरावीक हप्ते नियमित भरल्यावर सहीदाराचे नाव काढता येते. ते कलम आहे की नाही, हे सहीआधी वाचावे.

म्हणून भाचा-पुतण्या सही मागायला आला तर दोघांनी लाज बाजूला ठेवून कागद घेऊन बसावे. एकूण कर्ज किती, हप्ता किती, नोकरी लागली नाही तर सहा महिने कोण भरणार, हे लिहून काढावे. काकांना तो हप्ता स्वतःच्या पगारातून भरता येत असेल तरच सही. येत नसेल तर सरळ नाही म्हणावे, आणि त्या मुलाने व त्याच्या आईबापाने ते मनाला लावून घेऊ नये. सही करून नंतर दहा वर्षे अबोला धरण्यापेक्षा आज दिलेला नकार बरा.

व्याजाशिवाय कर्ज देणारेही आहेत. आपल्या माणसाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये, ही तोराची आज्ञा. रांबामने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सगळ्यांत वरची पायरी म्हणजे कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन माणसाला स्वतःच्या पायावर उभे करणे. याच विचाराने १८९२ साली न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये हिब्रू फ्री लोन सोसायटी निघाली. १९०४ साली लॉस एंजेलिसमध्ये ज्यूइश फ्री लोन असोसिएशन सुरू झाली. योगायोग असा की त्याच १८९२ साली मुंबईत जमशेटजी टाटांनी परदेशी शिकणाऱ्यांसाठी एन्डाउमेंट काढली, तीही कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणारी. त्यांनाही फुकट वाटून निधी संपवायचा नव्हता. एकाने फेडले की दुसऱ्याला द्यायचे.

फ्री लोन संस्थांचे नियम गावोगाव वेगळे आहेत. बहुतेक त्या भागात राहणाऱ्यालाच देतात आणि तिथलेच जामीन मागतात. काहींना कर्जदार नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला लागतो. रक्कम पूर्ण फी भागेल इतकी नसते. पण आधी आलेल्या मुलाला शेवटच्या सत्राला पैसे कमी पडले, तर बिनव्याजी काही हजार डॉलर हाही मोठा आधार. रक्कम लहान म्हणून तिथे जामीन राहणेही झेपते. आपल्या समाजातल्या बऱ्याच जणांना या संस्था माहीतच नाहीत.

खोली शोधताना

पहिल्या वर्षी विद्यापीठाचे वसतिगृह मिळत असेल तर घ्यावे, थोडे महाग पडले तरी. तिथे घरभाड्याला जामीन लागत नाही. बाहेर खोली घ्यायची तर न्यूयॉर्कमध्ये घरमालक सहसा भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न मागतात. १,५०० डॉलर भाडे असेल तर ६०,००० डॉलर. विद्यार्थ्याकडे ते कुठले? मग जामीनदार आणा म्हणतात, आणि त्याचे उत्पन्न भाड्याच्या ८० पट, म्हणजे १,२०,००० डॉलर. काकांकडे पुन्हा फोन.

डिपॉझिटला कायद्याने मर्यादा आहे. न्यूयॉर्क राज्यात २०१९ पासून एक महिन्याचे भाडे, न्यू जर्सीत दीड महिन्याचे. बॉस्टनकडे पहिल्या महिन्याचे भाडे, शेवटच्या महिन्याचे भाडे आणि एक महिन्याचे डिपॉझिट असे तिन्ही एकदम मागता येते, तेव्हा तेवढी रोकड हाताशी हवी. चार मुलांनी मिळून एक करार केला आणि एक जण सोडून गेला, तर त्याचे भाडे उरलेल्या तिघांकडून वसूल होते. शक्य असेल तिथे प्रत्येकाने आपल्या खोलीपुरता वेगळा करार मागावा. भाड्यात हीटिंग धरले आहे का, हेही विचारावे. न्यूयॉर्क शहरात १ ऑक्टोबर ते ३१ मे घर उबदार ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. घर थंड राहिले तर विद्यार्थ्याने गप्प बसू नये, शहराच्या ३११ या नंबरावर तक्रार करावी.

फसवणूक फार होते. फोटो छान, भाडे स्वस्त, मालक म्हणे परगावी, आधी पैसे पाठवा म्हणजे किल्ली पाठवतो. जागा आपल्या कुणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नये. इथे आपले लोक खरेच उपयोगी पडतात. रविवारी तासभर जाऊन खोली पाहणे, नळ सोडून पाहणे, रात्री रस्ता कसा असतो ते शेजाऱ्याला विचारणे, याला सही लागत नाही.

स्वयंपाकघर सामायिक असले म्हणून कश्रुथ सुटते असे नाही. आपली दोन पातेली आणि एक तवा वेगळा ठेवला की भागते. आपल्या कोकणी स्वयंपाकात नारळाचे दूध असते, ते पारवे. म्हणून मासळीचे कालवण, भाजी-भात यात अडचण येत नाही. बहुतेक मोठ्या विद्यापीठांत हिलेल आहे, ही संस्था १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली. शब्बाथचे जेवण तिथे मिळते, ओळखी होतात, खोलीत जोडीदार हवा असलेली मुलेही भेटतात. न्यूयॉर्कच्या बाजूला येणाऱ्यांनी आपल्या इंडियन ज्यूइश काँग्रिगेशनच्या लोकांना जरूर भेटावे. सणाला आपल्या चालीतली तेफिला कानावर पडली की परकेपणा निम्मा होतो.

वरखर्चासाठी एफ-१ विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. त्यातून किराणा निघतो, भाडे निघेलच असे नाही. ओळखीच्या दुकानात रोखीने काम करायला कुणी बोलावले तर मायेपोटीही जाऊ नये. व्हिसा जाईल आणि कर्ज तेवढे राहील.

खोली हाही जामीनच

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. नातेवाइकांनी मुलाला राहायला-जेवायला फुकट ठेवायचे लेखी दिले, तर पुष्कळ विद्यापीठे आय-२० साठी दाखवायच्या रकमेतून तेवढा खर्च वजा करतात. त्यासाठी त्यांचा ठरावीक फॉर्म असतो. म्हणजे मावशीची मागची खोली कागदावर वर्षाला हजारो डॉलर ठरते. तितके कर्ज कमी, तितके व्याज कमी, आणि मावशीच्या नावावर कर्जही चढत नाही. ज्याला सही झेपत नाही त्याला खोली झेपू शकते. खोली नसेल त्याला पहिले दोन आठवडे ठेवून घेणे झेपेल. तेही नसेल तर विमानतळावर जाणे आणि जागा पाहून येणे तरी झेपेल.

मात्र इथेही आधी बोलून घ्यावे. किती महिने, किराण्यात वाटा किती, मित्रमैत्रिणी आल्या तर चालेल का, हे पहिल्याच आठवड्यात ठरावे. कॉलेजहून दमून आलेल्या मुलीने रोज मावशीची पोरे सांभाळावीत, ही अपेक्षा असेल तर तीही आधी सांगावी. उपकाराखाली दबलेले मूल अभ्यास करू शकत नाही.

आज हे सगळे ज्याच्या त्याच्या मावशी-काकांवर पडते. ज्यांचे इथे कुणी नाही, अशा घरची हुशार मुले प्रवेशपत्र असूनही मागे राहतात. तेव्हा सिनेगॉगाच्या कमिटीने दरवर्षी पेसाहच्या आधी एक साधी यादी करावी. कोणाकडे खोली आहे, कोण दोन आठवडे ठेवील, कोण जागा पाहून येईल, फ्री लोनच्या लहान रकमेला कोण जामीन राहील. दहा घरांनी थोडे थोडे उचलले तर एकाही घरावर पन्नास लाखांची सही करायची वेळ येणार नाही.

या वर्षी ज्यांच्या घरी प्रवेशपत्र आले असेल त्यांना मनापासून मझल तोव. मुलांनो, शिका, वेळेवर हप्ते फेडा, आणि फिटले की पुढच्यासाठी आपली मागची खोली उघडी ठेवा.

शालोम.